सापांची धनीण

१० सप्टेंबर, बुधवार

पोचले एकदाची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझं: दोन सॅक, साप उचलायची हुकाची काठी, कापडी पिशव्या, दुर्बीण आणि आईने जबरदस्तीने कोंबलेला लाडवांचा डबा. वलगावला उतरून स्टँडसमोर दह्यातला गिला वडा खाल्ला. एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला आणि तिसऱ्याला स्वप्निल गावंडे घ्यायला आला. तो वलगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात सर्पमित्र म्हणून साप सोडवत हिंडतो. फोनवर महिनाभर बोलत होतो, प्रत्यक्षात आज भेटला. बाईकवर माझ्या सामानासकट मला बसवून त्याने उमरखेडीत आणून सोडलं.

उमरखेडी म्हणजे पूर्णेच्या काठचं खारपाणपट्ट्यातलं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. अकोल्याच्या एका संस्थेसाठी तीन महिने इथल्या शेतांतले सरपटणारे प्राणी शोधायचे आणि बघायचे. पकडायचे नाहीत, मारायचे तर नाहीतच. हे काम मी फुकटसुद्धा केलं असतं, फक्त ते संस्थेला कळता कामा नये.

खोली महादेवराव टाल्यांच्या घरामागे, वावराच्या कडेला. आधी तिथे रामराव नावाचे म्हातारे राहायचे, ते उन्हाळ्यात वारले. भिंतींना छातीपर्यंत गुळगुळीत सिमेंट, उंदराला शिरायला भोक नाही. भाडं विचारलं तर महादेवराव म्हणाले की खोली गावाची आहे, जेवणही गावच पाळीपाळीने देईल. मी संकोचले, पण फार वेळ नाही.

संध्याकाळी अर्धं गाव बघायला आलं. प्रत्येकाने नाव विचारलं, वडलांचं विचारलं, गाव विचारलं. ऋजुता श्रीरंग बर्वे, वाई, जिल्हा सातारा. आमच्या बँकेतसुद्धा माझं नाव धड छापत नाहीत, पण इथल्या म्हाताऱ्यांनी येईपर्यंत घोकलं. महादेवरावांच्या पार्वताबाईंनी तर समोर बसून म्हणून दाखवलं आणि विचारलं, "बराबर आलं न व पोरी?" एवढं लाडाचं स्वागत माझं कुठेच झालेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

काय सुंदर दिवस! नाल्याच्या काठावर घोरपड दिसली, माझ्या हाताहून लांब, ऊन खात पसरलेली. मला बघून आधी फुगली, जीभ काढून हवा चाखली, मग माझ्यात काही राम नाही असं ठरवून बिळात गेली. पूर्णेच्या डोहात पाण्याबाहेर नाक काढून मऊ पाठीची कासवं होती. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उभ्या राहिलेल्या. गावात याला नागाचं लगीन म्हणतात. मी समजावलं की हे लगीन नाही, दोन नरांची कुस्ती आहे. सगळे माझ्या अज्ञानाला हसले.

पारावर उभं राहून मी एक भाषण ठोकलं: साप दिसला तर मारू नका, मला फोन करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या एकमताने माना डोलल्या की मला जरा शंकाच आली.

इथे एक मैत्रीणही मिळाली. प्रणाली, महादेवरावांचा मुलगा योगेश याची बायको, अकोल्याची, बी.एस्सी. झालेली. आठवा महिना आहे. आई नाही, म्हणून बाळंतपण इथे सासरीच. टाल्यांची पाळी असली की तीच डबा घेऊन येते आणि पायरीवर बसून सापाची कात बोटांवर फिरवत प्रश्न विचारते. बाकीच्या बायका कातीला हात लावत नाहीत. माझं "करतेय, जातेय" ऐकून ती पोट धरून हसते. करून राहिली, जाऊन राहिली असं म्हणायचं म्हणे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज नुसता संताप. योगेशचा फोन आला, घोणस आहे म्हणून. धावत गेले. घोणस कुठली, धामण होती, बिनविषारी, उंदीर खाऊन याच लोकांचं धान्य वाचवणारी. फावड्याने तिचे तीन तुकडे केले होते. डोक्याकडचा तुकडा जबडा उघडून मातीला चावत होता. शेपटीचा तुकडा वेगळाच वळवळत होता आणि एक बाई त्यावर दगड टाकत होती. पोटातून अर्धवट पचलेला उंदीर बाहेर आला होता. लोकांनी तोही ठेचला.

मी पोचायच्या आधी घोळक्यातून माझं पूर्ण नाव ऐकू आलं. मी ओरडले, "आलेच!" कोणीतरी हसलं. गोवरीवर रॉकेल ओतून तुकडे जाळले. मी वाट्टेल ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. योगेश शांतपणे फावडं धूत होता.

२४ सप्टेंबर, बुधवार

आता गंमत. कामाला बाहेर जायची गरज उरलेली नाही, काम घरपोच येतंय. सोमवारी उंबऱ्यावर नाग. काल पायरीशी पुन्हा नाग. आज दोन धामणी, भर उन्हात, मोकळ्या अंगणातून. स्वप्निलला फोटो पाठवले तर म्हणाला की लवकरच्या सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली, वावरं उघडी पडली, बिचारे जाणार कुठे?

पटतं. पण एक गोष्ट खटकली. धामण माणूस दिसला की पळते, तिचा तोच लौकिक. आजची पहिली सरळ माझ्याकडे आली आणि पोटरीला चावली. सोडून पुन्हा चावली. हुकाने दूर केली तर वळून परत आली. विष नाही, नुसते ओरखडे आणि रक्त. चौदा वर्षं साप बघतेय, असं वागणारी धामण पाहिलेली नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी सोंगलेल्या वावरातून चालले होते. नुसती धसकटं, लपायला काडी नाही. मागे फुसकारा आला, कुकरची शिट्टी अडकावी तसा. घोणस. आळशी जनावर, पायाखाली येईल पण जागचं हलणार नाही. ही हलत होती. मी डावीकडे गेले, ती डावीकडे वळली. मी थांबले, ती थांबली नाही. वाटेत तीन बायका सोंगणी करत होत्या. एकीच्या पावलाला घासून गेली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या बायका ओरडल्या नाहीत. विळे हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी पळाले. आयुष्यात पहिल्यांदा सापापासून पळाले, आणि ते लिहिताना लाज वाटतेय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं कळलं. नीट लिहिते.

सकाळी योगेशच्या वावरात मजूर सोयाबीनची गंजी हलवत होते. खालून घोणस निघाली. मी गंजीच्या मागून येत होते, कोणाला दिसले नाही. योगेशने काठीने तिची मान दाबली. लगेच मारली नाही. खाली वाकला, अगदी तिच्या तोंडाशी, आणि मोठ्याने म्हणाला: "म्या नाई मारलं. ऋजुता श्रीरंग बर्वे, वाईची, महादेवरावच्या मांगच्या खोलीत रायते, तिनं मारलं." घोणस फुसकारत होती. त्याने तेच पुन्हा म्हटलं. मग कुऱ्हाडीने डोकं उडवलं. डोकं उडाल्यावरही जबडा मिटला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला दात लागले.

मी समोर जाऊन उभी राहिले. कोणी दचकलं नाही, कोणाला लाज वाटली नाही.

पार्वताबाईंनी घरी नेलं, ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी वाढली आणि शेजारी बसून सगळं सांगितलं, सुनेला स्वयंपाक शिकवावा तसं. साप मारला की तो डूख धरतो. त्याचं गणगोत मारणाऱ्याला शोधत येतं. म्हणून या गावात मारताना दुसऱ्याचं नाव घेतात. ज्याचं नाव घ्यायचं तो सापांचा धनी. गाव त्याला खोली देतं, जन्मभर जेवू घालतं. रामराव तीस वर्षं धनी होते. ते गेले. मेलेल्याचं नाव चालत नाही, डूख परत मारणाऱ्याच्याच घरी येतो. गाव तीन महिने धन्याविना होतं. त्यात दोघं गेले. मग मी आले.

"तू तं सापाईच्याच नादाची," असं म्हणाल्या. "तुले कायचा भेव?"

रामराव कसे गेले ते विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाल्या की आधी सालाला चार-दोन साप मरत. आता यंत्रं आली, सोयाबीन आलं, एकेका गंजीखाली दोन-दोन. म्हाताऱ्याला झेपलं नाही. सापडला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता.

आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी ताट भिंतीवर फेकलं. त्यांनी भाजी पुसली.

५ ऑक्टोबर, रविवार

स्वप्निलला काल सगळं सांगितलं. तो हसला. सापाला कान नाहीत, नाव कुठून ऐकणार, गावाला चांगली कानउघाडणी करतो, असं म्हणाला. आज आला. पारावर अर्धा तास बोलला, मग माझ्या पायरीवर चहा घेत बसला.

ऊन लख्ख होतं. गोठ्याकडून दोन घोणसी आल्या. तो उठला, हुक घेतला, पहिली उचलली, अगदी छान, हळुवार. दुसरी माझ्याकडे निघाली होती. तो मध्ये गेला. तिने त्याच्या पोटरीत दात रुतवले आणि सोडलंच नाही. त्याने एका हाताने तिला ओढून काढलं तर कातडी सोलून आली. तेवढ्यात हुकावरची खाली पडून त्याच्या मनगटाला. तो गुडघ्यावर आला. आणि दोघी त्याला सोडून, त्याच्या अंगावरून, माझ्याकडे.

मी पत्र्याची बादली घातली एकीवर. दुसरीला धावत आलेल्या योगेशने कोयत्याने तोडलं. मारताना त्याने माझंच नाव घेतलं. माझ्या तोंडावर, माझ्यादेखत.

जीपमध्ये स्वप्निलच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. जखमेतलं रक्त गोठेना, माझी ओढणी, सीट, पायाखालची चटई सगळं ओलं. तो मला विचारत होता, तुला कुठे चावलं नाही ना?

६ ऑक्टोबर

डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळी गेला.

त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, "तो तं चांगला धरे न सापाले?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

८ ऑक्टोबर, अकोला

काल सोडून आले. सामान तिथेच. लॉजमध्ये तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली, फरशी, काच, काँक्रीट. वाईचं तिकीट उद्याचं.

सकाळी तोंड धुवत होते. मोरीच्या जाळीतून नागाचं डोकं वर आलं. जाळी उचलली गेली. मी बाहेर पडून दार ओढलं. दाराखालच्या फटीतून तो अर्धा बाहेर, फणा फरशीवर घासत.

आजचीच गाडी मिळते का बघायला स्टेशनकडे ऑटो घेतला. सीटखाली नाग होता. शेजारच्या बाईच्या मांडीवरून आला, तिला काही केलं नाही. मी चालत्या ऑटोतून उडी मारली, कोपर फुटलं. लोकांनी त्याला विटांनी ठेचला. फणा चपटा झाला, डोळा लोंबला. शेवटपर्यंत तोंड माझ्या दिशेने.

वाईला कशी जाऊ? योगेश प्रत्येक वेळी "वाईची" म्हणतो. घरी बाबा आहेत, आई आहे. मी या सापांना माझ्यामागे घरी नेणार?

९ ऑक्टोबर

परत आले. महादेवरावांच्या पाया पडले. हो, पाया पडले. हे थांबवा, असं मी म्हणाले. ते रडले. खरंच रडले. सोंगणी ऐन भरात आहे, बाया-पोरं वावरात आहेत, साप निघतात, "आमी तरी काय करावं?"

पार्वताबाई मागे उभ्या होत्या. सुटायचं असेल तर एकच वाट आहे, असं म्हणाल्या. धन्याने स्वतःच्या हाताने साप मारायचा आणि दुसऱ्या जित्या माणसाचं नाव घ्यायचं. मग सगळा भार त्याच्यावर जातो.

रामरावांनी का नाही केलं असं, विचारलं.

"भला माणूस व्हता," एवढंच म्हणाल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

योगेश महादेवराव टाले. दिवसभर हेच नाव तोंडात. तो मरावा असं मला वाटतं. खरंच वाटतं. त्याचे हात, ते फावडं, ती शांत मान. पण काठी हातात घेतली की प्रणालीचं पोट दिसतं. तिच्या पोराचा बाप मी नाही मारणार. मी कोणालाच नाही मारणार. मी खुनी नाही.

प्रणाली दुपारी डबा घेऊन आली. वावरातून, एकटी, अनवाणी. ओरडले तिच्यावर. ती म्हणाली की तिला कसली भीती नाही, पोटुशी बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, सगळ्यांना ठाऊक आहे.

मी असल्या गोष्टींना हसायचे. आज हसले नाही, कारण तेवढ्यात ती आली, घोणस, भिंतीच्या कडेने माझ्याकडे. प्रणाली मध्ये उभी राहिली. तिची सावली घोणशीवर पडली आणि ती थांबली. डोकं डावीकडे, उजवीकडे. मग पुढे गेली ती सरळ दगडावर तोंड आपटत. पुन्हा. पुन्हा. नाकातून रक्त.

प्रणाली म्हणाली, "पायलं न?"

पाहिलं. साप जिला काही करू शकत नाहीत असं जगात एक माणूस आहे. नववा नुकताच लागलाय. दिवाळीनंतर बाळंत होईल. तोवर सोंगणी संपेल, मी काहीतरी शोधेन. कोणीही मरणार नाही. कोणीही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

केलं.

सकाळी धामण आली. लांब, पिवळसर, नुकती कात टाकलेली. हुकाच्या काठीने मान दाबली. माझे हात ओळखीचे होते, काठी ओळखीची होती. धामण माझ्या पायाला पीळ घालत होती. वाकले आणि म्हणाले, मी नाही मारलं. प्रणाली योगेश टाले, उमरखेडीची, महादेवरावांच्या घरात राहते, तिनं मारलं.

एका घावात मेली नाही. दगड छोटा होता. चौथ्या घावाला डोळा फुटला, सहाव्याला डोकं चपटं झालं आणि तरी पीळ सुटेना. मी ओरडत होते. शेवटी टाचेने. आवाज आला, सोयाबीनची शेंग फुटते तसा.

नंतर ओकले. डबा शेजारची बाई घेऊन आली, प्रणाली नव्हती आली. बरं वाटलं. तिचं तोंड बघवलं नसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

एकही नाही. सबंध दिवस एकही नाही.

नाल्यावर गेले. घोरपड होती. मला बघितलं आणि पळाली! पळाली, भ्याली मला. मी तिथेच बसून रडले. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टाल्यांच्या अंगणात जीप आली. प्रणाली उतरली. पोट नव्हतं. पार्वताबाईंच्या हातात दुपटं.

परवा मध्यरात्रीनंतरच कळा सुरू झाल्या होत्या; मला कोणी उठवलं नव्हतं, आणि नंतर मीही टाल्यांकडे फिरकले नव्हते. महिनाभर आधी. घाईने अमरावतीला नेलं. मुलगी झाली, बारकी आहे पण ठणठणीत. परवाच सूर्य उगवायच्या आधी झाली.

उगवायच्या आधी. मी दगड उचलला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं.

दवाखान्यात खाटेखाली साप निघाला म्हणून लवकर घरी आणलं, असं योगेश सांगत होता. दवाखान्यात कसा काय साप, याचं त्याला नवल वाटत होतं.

१४ ऑक्टोबर

बाळंतिणीच्या खोलीत सकाळी नाग. दुपारी शेगडीमागे घोणस. मी दारात बसलेय काठी घेऊन. सगळ्यांना वाटतं मी किती जीव लावते.

बाळाच्या अंगावरून गेला एक. बाळाला अजून नाव नाही, म्हणून बाळाला काही करत नाहीत. फक्त प्रणाली. फक्त तिच्याकडे —

पाच मारले. हात, कपडे, सगळं चिकट. एकाचं डोकं उंबऱ्यात ठेचलं, ते अजून निघत नाही. पार्वताबाई दारातून माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ येऊन हळूच विचारलं की तू कोणाचं नाव घेतलं.

सांगितलं.

त्यांनी कानशिलात मारली. गावात कोणी पोटुशीचं नाव कधी घेतलं नाही, कारण ती कधी मोकळी होईल हे कोण सांगणार? एवढंही कसं कळलं नाही तुला, शिकलेली ना तू —

शिकलेली.

१५ ऑक्टोबर

आता धनीण प्रणाली. सुटायला तिनेच मारलं पाहिजे. तिच्या हाताने, तिच्या तोंडाने.

सकाळी तिला सगळं सांगितलं. बाळ पाजत होती. ऐकून घेतलं. बाळ सासूकडे दिलं. उठता येत नव्हतं, टाके आहेत, तरी उठली. न्हाणीशी घोणस होतीच. मी काठीने दाबून धरली, वरवंटा तिच्या हातात दिला.

तिने घोणशीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऋजुता श्रीरंग बर्वे. तिनं मारलं. तिनं. तिनं." एकदाही अडखळली नाही. प्रत्येक "तिनं"ला वरवंटा. घोणस कधीच संपली होती. ती फरशीवर मारत राहिली. पांढऱ्या गाउनवर रक्त, घोणशीचं का तिचं, कळेना.

मी तिला वचन दिलं की आता हे नाव माझ्याकडेच राहील. पुढे नाही देणार. तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. दार लावून घेतलं.

खोलीवर आलेय. दार उघडंच आहे, बंद करून काही उपयोग —

दुपार

वावरातून येतायत. ऊन आहे, स्पष्ट दिसतं. धसकटांमधून. नाग, घोणस, धामणी, सगळे मिळून, एकमेकांना न चावता —

आईला फोन केला. मी बरी आहे म्हणाले. लाडू संपले म्हणाले.

एक आत. डावा पाय. घोणस. मारली नाही. मारायची नाही ठरवलंय. पाय सुजतोय, दात घट्ट —

हिरड्यांतून रक्त. वहीवर पडतंय.

दुसरी. मांडी. मी वचन दिलंय. वचन दिलंय. स्वप्निलला किती दुखलं असेल, मी त्याला विचारलंसुद्धा —

नको. मला नको. मी एकोणतीसची आहे. मला नको हे

एक धामण आहे काठीखाली. कधी दाबली कळलं नाही. काठीवर पाय आहे, म्हणून लिहिता येतंय. जिवंत आहे. दगड हाताशी आहे. नुसतं बोलायचंय. तीन शब्द. योगेशचे

घरातून बाळ रडतंय. प्रणाली गप्प करतेय त्याला. योगेशचाही आवाज. काहीतरी गातोय तो, बेसूर, बाळासाठी

दारात अजून पाच-सहा. फणा काढून. वाट बघतायत

दगड उचललाय. धामण माझ्याकडे बघतेय. मी तोंड उघडलंय आणि